नाइटिंगेल: रात्रीचं गाणं, अचानक पडणारी शांतता आणि आफ्रिकेची वाट

प्रश्न असा: बर्लिनमध्ये भाड्याच्या घरासमोर छोटी बाग आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री एक-दीडला तिथे एक पक्षी तासन्‌तास गायचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते गाणं एकदम बंद पडलं. शेजारी म्हणाले, हा 'नाख्टीगाल', म्हणजे नाइटिंगेल. तो आपला बुलबुलच का? त्याला मांजरानं खाल्लं की तो उडून गेला? थंडीत तो भारतात येतो का? आणि पुढच्या वर्षी नीट ऐकायचा, रेकॉर्ड करायचा तर काय करावं?

सगळ्यात शक्य असलेलं उत्तर आधी देतो: त्याला काही झालेलं नाही, त्याचं लग्न जमलं. मध्यरात्रीपासून तीन वाजेपर्यंत मोकळ्या गळ्यानं गाणारा नाइटिंगेल बहुतेक वेळा बिनजोडीचा नर असतो. मादी त्याच्या झुडपात येऊन टिकली की रात्रीची मैफल थांबते. पहाटेची मात्र चालूच राहते. म्हणून 'पक्षी गेला' असं ठरवण्याआधी एकदा पहाटे चारला खिडकी उघडून बघायला हवी होती. या पक्ष्याच्या बाबतीत तो गातोय की नाही यापेक्षा तो कोणत्या वेळी गातोय आणि कधी गप्प होतो, यातून जास्त कळतं. खालचं सगळं त्याच अंगानं लिहिलं आहे.

पण बुलबुलाचा गोंधळ आधी मिटवू. फारसीत बुलबुल म्हणजे नाइटिंगेलच. गुलाब आणि बुलबुल यांची जोडी फारसी कवितेत शेकडो वर्षं चालत आली. मध्य आशियातल्या नाइटिंगेलच्या उपजातीला तर एकेकाळी शास्त्रीय नावातच कवी हाफिजचं नाव जोडलेलं होतं. तो शब्द भारतात आला तेव्हा इथे तो पक्षी नव्हता, मग शब्द दुसऱ्याच पक्ष्याला चिकटला. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल किंवा डोक्यावर टोकदार तुरा मिरवणारा शिपाई बुलबुल यांचं कूळच वेगळं. ते फळांवर ताव मारतात, तारेवर उघडे बसतात, दिवसा कलकलाट करतात आणि रात्री गुपचूप झोपतात. नाइटिंगेलशी जुळावं असं त्यांच्यात काही नाही. इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादात 'चांदण्या रात्री बुलबुल गात होता' असं वाचलं की खुशाल पेन्सिलीनं खूण करावी. इंग्रजीतल्या 'नाइटिंगेल' या बिरुदाऐवजी सरोजिनी नायडूंना भारतकोकिळा आणि लतादीदींना गानकोकिळा म्हणणाऱ्यांचे कान जास्त तयार होते. पक्षी त्यांनीही बदलला, पण निदान गाणारा निवडला. एक खोड मात्र दोन्हीकडे सारखीच. युरोपातल्या कवींनी गाणारी नाइटिंगेल मादी ठरवली, आपण कोकिळा ठरवली. प्रत्यक्षात झाडावरून कुहू करणारा कोकीळ नर, आणि नाइटिंगेलमध्येही रात्र जागवणारा नरच.

दिसायला हा पक्षी अगदी साधा. लांबी १५ ते १६.५ सेंटिमीटर, वजन २० ग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे चिमणीपेक्षाही थोडा हलका. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरं, डोळा मोठा आणि काळा, त्याभोवती फिकट कडं. रंग म्हणावा असा एकच, शेपटीचा तांबूसपणा, आणि तोही पक्षी पाठ करून झुडपात शिरताना दिसतो. नर-मादी दिसायला सारखे. जमिनीवर तो उड्या मारत चालतो, मध्येच थांबून शेपटी उचलतो, पंख किंचित खाली सोडतो. ज्यांनी दयाळ नीट पाहिला आहे त्यांना ही ढब ओळखीची वाटेल, आणि ते बरोबरच आहे. पूर्वी नाइटिंगेलला कस्तुरांच्या कुळात धरत. आता तो माशीमार पक्ष्यांच्या कुळात आहे, आणि दयाळ, शामा आणि सह्याद्रीतला शीळकरी कस्तूर हे सगळे त्याच कुळातले.

आता गाणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते सलग वाटतं, पण तसं नसतं. दोन ते चार सेकंदांचा एक तुकडा, मग जवळजवळ तेवढीच शांतता, मग दुसरा तुकडा. हा विरामच सगळ्यात भरवशाची खूण. एक तुकडा मनातल्या मनात उलगडून बघा: सुरुवात हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या स्वरांनी होते. मग निरनिराळ्या स्वरांची एक गुंतागुंतीची ओळ येते. मग एकच घटक भराभर घोळवला जातो, 'जग-जग-जग-जग' असा, आणि इथे आवाज सगळ्यात मोठा असतो. शेवटी एखादा वेगळाच स्वर टाकून तुकडा तोडला जातो. दुसरा प्रकार शिट्टीचा: 'प्यूऽ प्यूऽ प्यूऽ', एकाच उंचीचा स्वर, दबक्या आवाजात सुरू होऊन चढत जाणारा. ही चढती शिट्टी एकदा कानात बसली की पक्षी चुकत नाही. तिसरी एक करकरीत घरघर, बारीक भुंग्यासारखी. कानाला ती गोड नाही, पण ती काढायला श्रम पडतात आणि माद्या तिच्याकडे लक्ष देतात, असं दिसतं.

एका प्रौढ नराकडे साधारण १८० वेगवेगळे तुकडे असतात. कुणाकडे शंभर, कुणाकडे अडीचशेच्या वर. मिनिटाला आठ-दहा तुकडे धरले तर एकच तुकडा लगेच परत ऐकू येत नाही. मध्ये बहुधा पन्नास-साठ दुसरे होऊन जातात. म्हणून एखाद्या नराचा पूर्ण साठा मोजायचा तर पाचशेच्या वर सलग तुकडे, म्हणजे जवळपास तासाभराचं रेकॉर्डिंग लागतं. दहा मिनिटांवरून 'याला चाळीसच येतात' असा निष्कर्ष काढणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. पहिल्याच वसंतात गाणाऱ्या नराचा साठा लहान असतो आणि पुढच्या वर्षी वाढतो.

हे तुकडे उपजत येत नाहीत, ऐकून शिकले जातात. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत डीटमार टोट आणि हेनरिके हुल्च यांनी हाताने वाढवलेल्या पिलांवर अनेक वर्षं काम केलं. ओळीने ऐकवलेले तुकडे पिल्लू तीन-चार-पाचच्या गठ्ठ्यांनी लक्षात ठेवतं आणि मोठेपणी गाताना एका गठ्ठ्यातले तुकडे जवळजवळ म्हणतं, हे त्यांना दिसलं. फोन नंबर आपण तीन-चार आकड्यांचे गट करून पाठ करतो, तसंच काहीसं.

आता वेळापत्रक. जर्मनीत आणि दक्षिण इंग्लंडमध्ये नर एप्रिलच्या मध्याला येतात, माद्या साधारण आठवडाभर उशिरा. हा प्रवास रात्रीचा असतो, आणि माद्या नर शोधतात तेही रात्रीच. फ्रान्सच्या अल्सास भागात संशोधकांनी माद्यांवर छोटे रेडिओ लावून त्यांना अनोळखी भागात सोडलं, तेव्हा त्या रात्री लांब लांब फिरून एकामागून एक नरांच्या हद्दीत डोकावत होत्या; दिवसा त्यांची हालचाल फारशी नव्हती. म्हणजे मध्यरात्रीचं गाणं वरून जाणाऱ्या, अजून न ठरलेल्या मादीसाठी असतं. पहाटेचं गाणं मुख्यतः शेजारच्या नरांसाठी, 'ही जागा माझी' असं सांगणारं, म्हणून ते जोडी जमल्यावरही चालतं. त्याच अल्सासच्या कामातून आणखी एक बारकावा समोर आला: जोडी जमलेला नर काही रात्री गप्प राहतो आणि मादी अंडी घालायला लागली की थोड्या रात्रींसाठी पुन्हा गातो. तुमच्या खिडकीबाहेर शांततेनंतर तीन-चार रात्री गाणं परत येऊन पुन्हा थांबलं असेल, तर झुडपात अंडी आहेत असं समजायला हरकत नाही. मेअखेरीलाही रोज रात्रभर गाणारा नर म्हणजे अजून बिनजोडीचा. सगळ्यात सुंदर मैफल त्याचीच मिळते, हा आपला फायदा, त्याचा नाही.

मादी नेमकं काय ऐकते? याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण बर्लिनमधल्या निरीक्षणांत एक धागा मिळाला. ज्या नरांचं गाणं जास्त सुसूत्र होतं, म्हणजे तुकड्यांचा क्रम जास्त ठरलेला होता, ते पुढे पिलांना जास्त वेळा भरवताना आढळले. नाइटिंगेलचा नर घरट्यात खरंच राबतो, त्यामुळे मादीला याची माहिती आधी मिळणं उपयोगाचं.

नरानराची जुगलबंदी वेगळी. शेजारी गात असताना त्याचा तुकडा संपायची वाट बघून मग आपला म्हणणं, हे सभ्य वागणं. त्याच्या तुकड्यावर आपला तुकडा चढवणं म्हणजे आव्हान. तोच तुकडा फिरवून परत देणं हेही आव्हानच. शिट्ट्यांच्या बाबतीत २०२३ मध्ये माक्स प्लांक संस्थेतल्या गटानं दाखवलं की नर समोरच्याच्या शिट्टीची पट्टी ऐकून त्याच उंचीची शिट्टी लगेच काढतो. ही नुसती पाठ केलेली नक्कल नव्हे. पट्टी बदलत नेली तर तोही त्याप्रमाणे बदलत जातो. साथीला बसलेल्या सारंगियासारखा.

शहराचा आवाज वाढला की तो आवाज वाढवतो. हेन्रिक ब्रुम यांनी २००४ मध्ये बर्लिनमधले नर मोजले: सगळ्यात गोंगाटाच्या जागी गाणारे नर सगळ्यात शांत जागेतल्यांपेक्षा १४ डेसिबलपर्यंत मोठ्यानं गात होते, म्हणजे ध्वनिदाब सुमारे पाचपट. आणि कामाच्या दिवशी सकाळी, वाहतूक जास्त असताना, तेच नर शनिवार-रविवारपेक्षा मोठ्यानं गायचे. एक मीटरवर ९० डेसिबलच्या वर जाणारा आवाज वीस ग्रॅमच्या जिवातून निघतो. खिडकीखाली गाणारा नर झोप मोडतो ही तक्रार खोटी नाही, पण इलाज कानात बोळे घालणं एवढाच. तो पक्षी आणि त्याचं घरटं दोन्ही कायद्यानं संरक्षित आहेत.

ऐकायला जायचं तर तारीख आधी, जागा नंतर. लोक बहुधा तारखेत चुकतात. जूनमध्ये सुट्टी काढून दक्षिण इंग्लंडला जाणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही, कारण तोवर नर पिलांना भरवण्यात गुंतलेले असतात. २० एप्रिल ते २० मे हा महिना धरा. वारा नसलेली, कोरडी, फार थंड नसलेली रात्र निवडा. अकरानंतर जा किंवा सूर्योदयाच्या तास-सव्वा तास आधी पोहोचा. पहाटे मात्र कस्तूर, रॉबिन, ब्लॅककॅप सगळेच सुरू होतात आणि नवख्याला वेगळं काढणं जड जातं. म्हणून पहिला अनुभव रात्रीचाच घ्यावा. बर्लिनमध्ये ट्रेप्टोवर पार्क, टीअरगार्टन, हाझनहाइडे इथे सहज मिळतात. लंडनहून जाणाऱ्यांसाठी एसेक्समधलं फिंग्रिंगहो विक, केंटमधलं नॉर्थवर्ड हिल, ससेक्समधलं पुलबरो ब्रुक्स आणि नेप ही इस्टेट. रात्री आत जायला परवानगी आहे का, हे आधी बघून घ्या.

लंडनच्या मध्यवस्तीत किंवा मँचेस्टरमध्ये रात्री गाणारा पक्षी ऐकून नाइटिंगेल मिळाला असं कुणी सांगितलं तर तो जवळजवळ नक्की रॉबिन असतो. रस्त्याच्या दिव्याखाली तो मध्यरात्रीही गातो, डिसेंबरातही गातो. त्याचं गाणं पातळ, पाण्याच्या धारेसारखं घरंगळणारं. त्यात जोरकस 'जग-जग' नाही आणि चढती शिट्टी नाही. साँग थ्रश प्रत्येक वाक्यांश दोन-चार वेळा म्हणतो आणि उंच झाडाच्या शेंड्यावर बसतो. नाइटिंगेल दाट झुडपात, माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास. आणि महिना बघा: ऑगस्ट ते मार्च या काळात मध्य किंवा उत्तर युरोपात ऐकू आलेलं गाणं नाइटिंगेलचं नाही.

रेकॉर्डिंगसाठी महागडं सामान लागत नाही, पण फोनच्या तीन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करण्याची सोय. ती चालू असेल तर विरामात मागचा रहदारीचा आवाज फुगतो आणि तुकडा सुरू होताच दबतो. गाण्याचा चढ-उतारच नाहीसा होतो. दुसरी, 'गोंगाट कमी करा' हे फिल्टर. माणसाचं बोलणं वाचवण्यासाठी बनवलेलं हे फिल्टर शिट्टीची दबकी सुरुवात गोंगाट समजून खाऊन टाकतं. तिसरी, दाबून छोटी केलेली फाइल. हाताने पातळी ठरवता येणारं ॲप घ्या, वॅव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, आणि सगळ्यात मोठा 'जग-जग' उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. पक्षी मध्येच जवळच्या फांदीवर येतो, तेव्हा ही मोकळीक कामी येते. माइकला फोम किंवा केसाळ टोपी हवीच, मंद वाऱ्याची घरघरही रेकॉर्डिंग बिघडवते. पक्ष्यापासून १०-१५ मीटरवर थांबा, फोन हातात धरू नका, छोट्या तिपाईवर किंवा दगडावर ठेवा आणि विमान मोडवर टाका. घरी आल्यावर ५०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापा: त्यात रस्ता असतो, पक्षी नसतो. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा वेळ आणि पट्टी दाखवणारा आलेख, उघडा. शिट्ट्या आडव्या रेघांसारख्या दिसतात, 'जग-जग' फणीच्या दातांसारखे. शेजाऱ्याशी पट्टी जुळवली का, हे कानापेक्षा डोळ्यांना लवकर कळतं.

एक गोष्ट करू नये: फोनवरून त्याचंच गाणं लावून त्याला जवळ बोलावणं. नराला वाटतं हद्दीत घुसखोर आला. तो गाणं सोडून झुडपाभोवती फेऱ्या मारतो आणि रात्रभर गाण्यासाठी राखलेली चरबी फुकट जळते. एप्रिलमध्ये तो सहारा ओलांडून नुकताच आलेला असतो, शिल्लक फारशी नसते. बॅटरीचा झोतही झुडपावर मारू नये.

घरटं जमिनीवर किंवा जेमतेम गुडघाभर उंचीवर, खाजकुयलीसारख्या चटका देणाऱ्या नेटलच्या किंवा काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीत. बाहेरून सुकी पानं, आत बारीक गवत आणि केस. हे इतकं पानांच्या कचऱ्यासारखं दिसतं की शोधायला जाणारा पायाखाली तुडवतो. तेव्हा शोधू नये. चार-पाच ऑलिव्ह-तपकिरी अंडी, मादी एकटी १३-१४ दिवस उबवते. पिलं अकरा-बारा दिवसांत घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना नीट उडताही येत नसतं. जमिनीवर बसलेलं असं पिल्लू 'पडलं आहे' समजून उचलून नेणं ही दुसरी नेहमीची चूक. आई-बाप जवळच असतात. बेडकासारखी 'कर्र' आणि बारीक 'हुईट' ही त्यांची सावध करणारी हाक ऐकू येईल. मांजर फिरत असेल तरच पिल्लू उचलून लगतच्या दाट जाळीत ठेवावं.

खाणं जमिनीवरचं: भुंगेरे, मुंग्या, कोळी, अळ्या; उन्हाळ्याच्या शेवटी एल्डरसारखी फळं. त्यामुळे त्याला हवी ती झाडी थोडी विचित्र असते. बाहेरून भिंतीसारखी दाट, कडेच्या फांद्या थेट जमिनीला टेकलेल्या, पण आत शिरल्यावर खाली उघडी, ओलसर, पालापाचोळ्याची जमीन. झुडूप फार तरुण असेल तर आत गवत माजतं, फार म्हातारं झालं तर खालच्या फांद्या मरतात आणि भिंत उघडी पडते. इंग्लंडच्या जुन्या जंगलांत ही अवस्था माणसाच्या कामातून मिळायची: हेझलची झाडं बुंध्यापाशी तोडायची, खोडाला नवे फुटवे येऊ द्यायचे, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तोडायची. उसाचा खोडवा ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं समजवायला नको, फक्त इथे चक्र मोठं. तोडणीनंतर साधारण पाच ते आठ वर्षांचा खोडवा नाइटिंगेलला सगळ्यात आवडतो. लाकडाची मागणी गेली, तोडणी थांबली. मग हरणं वाढली आणि त्यांनी नेमके खालचे फुटवे ओरबाडले. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये कुंपण घालून हरणं बाहेर ठेवलेल्या तुकड्यांत नाइटिंगेल दाटले आणि शेजारच्या उघड्या तुकड्यांकडे जवळपास फिरकले नाहीत.

ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या २०१२च्या गणनेत इंग्लंडमध्ये हद्द राखणारे सुमारे ५,५०० नर निघाले; पन्नास वर्षांत ९० टक्क्यांच्या वर घट. एकट्या बर्लिन शहरात सुमारे दीड हजार जोड्या आहेत, हे शेजारी ठेवलं की गंमत कळते. तिथे बागांच्या कडेची झाडी कुणी फार विंचरत बसत नाही, रेल्वेच्या कडेचे माळ तसेच सोडलेले आहेत. टापटीप बाग या पक्ष्याला राहायला नको असते. नेप इस्टेटीत शेती बंद करून कुंपणाच्या काटेरी ब्लॅकथॉर्न झुडपांना शेतात पसरू दिलं, तर नाइटिंगेल विचारून न येता येऊन राहिले.

जूनच्या मध्यापासून सगळीकडे शांतता. जुलैत प्रौढ पक्षी सगळी पिसं बदलतात, त्या काळात उडणंही अवघड होतं आणि ते दाट जाळीत दडून राहतात. म्हणजे 'जूनमध्ये गेले' हे बरोबर नाही; ते ऑगस्टपर्यंत तिथेच असतात, फक्त दिसत-ऐकू येत नाहीत. मग रात्री, एकेकटे, निघतात. जुन्या काळी पिंजऱ्यात ठेवलेले नाइटिंगेल नेमके या दिवसांत रात्रभर सळ्यांवर पंख आपटत. बाहेर जायची ओढ कुणी शिकवलेली नसते, ती रक्तातच असते.

ते कुठे जातात हे पायातल्या कड्यांवरून फार वर्षं नीट कळलं नाही, कारण पश्चिम आफ्रिकेच्या झुडपातून कडं परत कळवणारे हात थोडे. २००९ पासून इंग्लंडमध्ये जिओलोकेटर लावले गेले. हे एक ग्रॅमच्या आतलं यंत्र फक्त उजेड आणि वेळ नोंदवतं. दिवसाची लांबी कळली की अक्षांश, माध्यान्हाची वेळ कळली की रेखांश. अडचणी तीन: यंत्र काही पाठवत नाही, तोच पक्षी पुढच्या वसंतात त्याच झुडपात पुन्हा पकडावा लागतो, चूक शंभर-दोनशे किलोमीटरची असू शकते, आणि विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळीकडे सारखाच असल्यामुळे अक्षांश निघतच नाही, आणि प्रवास नेमका त्याच सुमारास चालू असतो. तरीही चित्र स्पष्ट झालं. इंग्लंडचे नाइटिंगेल फ्रान्स, स्पेन-पोर्तुगाल, मोरोक्को असे उतरत सहाराच्या पश्चिम कडेनं सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाऊ या पट्ट्यात जातात. सरळ रेघ ओढली तर साडेचार हजार किलोमीटर. तिथेही ते दाट झुडपातच राहतात, आणि थोडंफार गातातही. म्हणजे इंग्लंडमधल्या झुडपाची सगळी काळजी घेतली आणि तिकडची झाडी सरपणात गेली, तर हिशेब अर्धाच राहतो.

वाळवंटापूर्वी किती चरबी साठवायची हे त्यांना कसं कळतं? याचं एक देखणं उत्तर नाइटिंगेलच्या भाऊबंदाकडून, श्प्रोसरकडून (इंग्रजीत थ्रश नाइटिंगेल) मिळालं. स्वीडनमध्ये पकडलेल्या तरुण श्प्रोसरांना थोर्ड फ्रान्सोन आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्याभोवती उत्तर इजिप्तमधल्यासारखं चुंबकीय क्षेत्र दिलं. पक्षी स्वीडनमध्येच होते, खाणं तेच होतं, पण ज्यांना 'इजिप्त' जाणवलं त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वजन चढवलं. हे २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठातलं २०२०चं काम याच्या उलट बाजूचं: मध्य स्पेनमधल्या नाइटिंगेलचे पंख वीस वर्षांत शरीराच्या मानाने आखूड झाले, आणि आखूड पंखांचे पक्षी पहिल्या फेरीनंतर परत येण्याची शक्यता कमी आढळली.

श्प्रोसर हा ओडर नदीच्या पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा. छातीवर करडे ठिपके, शेपटीचा तांबूसपणा कमी, आवाज आणखी मोठा, पण चढती शिट्टी नाही. हातात पक्षी असेल तर पंखाचं सगळ्यात बाहेरचं पीस बघा: नाइटिंगेलमध्ये ते लगतच्या झाकणपिसांपेक्षा लांब, श्प्रोसरमध्ये आखूड. पोलंडच्या पट्ट्यात दोघे एकत्र राहतात, कधी संकरही होतो, आणि तिथले श्प्रोसर नाइटिंगेलचे तुकडे उचलून आपल्या गाण्यात घालतात. अशा ठिकाणी नुसत्या कानावर विसंबून नाव लिहू नये. श्प्रोसर पूर्वेच्या वाटेनं केनिया-टांझानियाकडे जातात. कॉकेशस आणि इराणकडचे नाइटिंगेलही पूर्व आफ्रिकेतच हिवाळा काढतात.

म्हणजे भारत कुणाच्याच वाटेवर नाही. मुंबई-पुण्यात थंडीत नाइटिंगेलची वाट बघू नये. त्याचा सख्खा भाऊ मात्र येतो: त्याच वंशातला (जीनसमधला) ब्लूथ्रोट, निळ्या गळ्यावर तांबडा ठिपका. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पुण्याजवळच्या कवडीला किंवा भिगवणच्या काठाच्या लव्हाळ्यात तो जमिनीवर तसाच उड्या मारत, शेपटी उचलत फिरतो. निघायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी, लव्हाळ्याच्या बुंध्याशी बसून तो दबक्या आवाजात गाणं घोळवतो. पंधरा पावलांवरूनही ते वाऱ्यात हरवतं, तेव्हा जवळ दबा धरून बसावं आणि जोडे सरकवू नयेत.